डाव्या हाताचा नमस्कार

"बस गो बाय, चाय ठेवते."

शाळेच्या गेटाआडून तीन-चार पोरं एका सुरात ओरडली आणि दप्तरं सावरत, एकमेकांना ढकलत खिदळू लागली. बायजाबाई थबकल्या. उन्हासाठी डोक्यावर ओढलेला पदर त्यांनी जरा मागे सारला, पोरांकडे निरखून पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "ठेव रं बाबा, ठेव. साखर बेतानं टाक."

पोरांना हे उत्तर भलतंच आवडलं. त्यांतल्या एका चष्मेवाल्याने डावा हात वाकडा करून कपाळाकडे न्यायला सुरुवात केली, तोच निशिगंधाने सासूचा दंड धरला.

"चला आई, रिक्षा जाईल."

"कुठं जाते रिक्षा? ही काय उभी हाय." तरी त्या चालू लागल्या, पण मागे वळून वळून. "गोड पोरं हायत गो. पेणात कोण कुणाला वळखत नाय बोलतात, आन ही बग. रोज हाक मारतात मला."

रोजच. ही हाक सुरू होऊन शाळेचे अकरा दिवस झाले होते. निशिगंधाने मोजले होते.

रिक्षात बसल्यावर बायजाबाईंनी नातीचं दप्तर मांडीवर घेतलं आणि विचारलं, "पन त्यांना कसं कळलं गो, मी चाय ठेवते बोलते ते?"

ऋतुजाने तोंड उघडलं. आठ वर्षांची, तिसरीतली पोर. तिच्या पोटात काही म्हणजे काही राहत नसे. निशिगंधाने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि तिने तोंड मिटलं. मुलीला खोटं बोलायला शिकवण्यासाठी बोलावं लागतच नाही, डोळे पुरतात, हे निशिगंधाला त्या पंधरवड्यात कळून चुकलं होतं.

"मोबाईलवर काहीतरी चालू असतं, आई. पोरं तेच बोलतात दिवसभर."

"म्हणजे मोबाईलवर माझ्यावानी कोन तरी हाय."

"असेल कोणीतरी," निशिगंधा म्हणाली आणि बाहेर बघू लागली. गणपतीच्या कारखान्यांपुढे पांढऱ्या, अजून डोळे न रेखलेल्या मूर्ती उन्हात वाळत मांडल्या होत्या. त्यांच्याकडे बघणं तिला त्या घडीला सोपं वाटलं.

घरात टीव्ही होता बाहेरच्या खोलीत, आणि बघणाऱ्या एकट्या बायजाबाई. निशिगंधाचा नवरा आदेश डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर. घरी असला की तो एकतर झोपलेला, नाहीतर आडवा पडून मोबाईलवर मॅच बघत असलेला. ऋतुजाचं टीव्हीशी भांडण नव्हतं. तिला तो दिसतच नव्हता. भिंतीवर कॅलेंडर असतं तसा तो होता. तिची माणसं फोनमध्ये राहत. घरभर फुगे भरून त्यांत उड्या मारणारे दोघे भाऊ, बाहुल्यांना अंघोळ घालणारी कुठलीशी दीदी, नुसत्या पेन्सिलींना टोकं काढणारा एक काका. त्यांच्या कुत्र्यांची नावं, त्यांच्या आयांची नावं, कुणाचा दात कधी पडला, सगळं तिला पाठ. शाळेत 'माझा आवडता कार्यक्रम' असा निबंध आला, तेव्हा तिने घरी येऊन विचारलं होतं, "मम्मी, कार्यक्रम म्हणजे चॅनल का माणूस?"

निशिगंधा जपणारी आई होती, थोडी जास्तच. बी.कॉम. झालेली, रोह्याच्या कॉलेजात नाव काढलेली. तिने दोनशे पानी वहीत तीन रकाने आखले होते: चालेल, चालणार नाही, मी शेजारी असताना. दिवसाला चाळीस मिनिटं. मुलगी क्लासला गेली की ही फोन घेऊन बसायची आणि आज काय काय पाहिलं गेलं ते एकेक उलगडून तपासायची. शिव्या, भुतं, खोट्या बक्षिसांची आमिषं, काही तिच्या नजरेतून सुटत नसे. त्या वहीत 'चालेल'च्या रकान्यातलं पहिलंच नाव होतं: रितेशमामा, आणि पुढे कंसात, घरचं.

बाहेरून घरात काय शिरतं यावर तिचा एवढा पहारा. घरातून जे बाहेर गेलं, ते तिच्याच तोंडून गेलं होतं.

रोज संध्याकाळी सात वाजता बातम्या लागत. पडद्यावरची मुलगी हात जोडून म्हणायची, "नमस्कार." आणि बायजाबाई बसल्या जागेवरून डावा हात उचलत. तोही धड नाही. कोपरात वाकलेला, बोटं अर्धी मिटलेली, कपाळापाशी पोचेपर्यंत थरथरणारा. मग म्हणत, "नमस्कार. बस गो बाय, चाय ठेवते." चहा काही ठेवत नसत. पाय पोटाशी घेऊन बातम्या बघत. आदेश त्या वेळी शिफ्टला किंवा झोपेत, ऋतुजा क्लासला. शेजारपाजारचं कुणी टेकलेलं असलं की बायजाबाईंचा हात मांडीवरच राही. म्हणजे हे जगात एकट्या निशिगंधाने पाहिलेलं.

ती लग्न होऊन आली तेव्हा घर गडब फाट्याच्या आतल्या बाजूला, गावात होतं. भातशेती, पुढे शेणाने सारवलेली पडवी. पडवीत कुणीही टेकलं, अगदी वाट चुकलेला माणूस का असेना, की आतून बायजाबाईंचा आवाज यायचा, "बस, चाय ठेवते." काम काय ते मागाहून. सासरे हैबतराव पडवीतल्या खांबाला टेकून बसलेले असत. येणाऱ्याला हात जोडायचे आणि पानाचा डबा पुढे सरकवायचे. मग एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. दवाखाना जवळ हवा म्हणून बिऱ्हाड पेणला आणलं. दोन वर्षं ते टीव्हीसमोरच्या पलंगावर होते. इथे पडवी नव्हती, येणारं-जाणारं नव्हतं. सात वाजता ती मुलगी तेवढी यायची, नमस्कार करायची. घरात आलेल्या माणसाने हात जोडले, आणि हैबतराव गप्प बसून राहतील हे शक्य नव्हतं. उरलेला एकच हात ते कसाबसा कपाळाकडे न्यायचे. शब्द निघायचा नाही. मग त्यांच्या वाटचं बायजाबाई बोलायच्या.

ते जाऊन चार वर्षं झाली. पलंग गावी परत गेला. हात मात्र त्या खोलीत राहिला.

हे सगळं निशिगंधाला माहीत होतं. माहीत असून, सांगताना एवढं तिने गाळलं. ते घातलं असतं तर कुणाला हसू आलं नसतं.

सांगितलं होतं भाऊबीजेला, रोह्यात, माहेरी. धाकटा भाऊ रितेश डिप्लोमा करून दोन वर्षं घरी बसला होता आणि मोबाईलवर गमतीचे व्हिडिओ टाकायचा. बघणारे तीनशे, त्यांतले निम्मे नात्यातले. ओवाळून झाल्यावर तो फराळाच्या ताटाशी पडेल चेहऱ्याने म्हणाला, "ताई, काहीतरी दे ना गं. माझ्याकडचं संपलं सगळं. तू कॉलेजात एकेका प्राध्यापकाच्या काय नकला करायचीस."

करायची खरी. गॅदरिंगला पोरं तिच्या नावाने बाकं बडवायची. लग्नाला नऊ वर्षं झाली, एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिने ओढणी डोक्यावर घेतली, खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसली, डावा हात कोपरात वाकडा केला आणि थरथरवला. "नमस्कार. बस गो बाय, चाय ठेवते." आई हसताहसता ताटावरून मागे रेलली. वडिलांनी डोळे पुसले. रितेश म्हणाला, "परत कर, परत कर, हात परत कर." तिने परत केला. तीनदा केला. त्या हसण्याची चव तिच्या जिभेवर कितीतरी दिवस रेंगाळत होती.

आठवड्याभरात तो व्हिडिओ आला. रितेशने म्हातारीचं नाव 'आक्का' ठेवलं होतं; तेवढी अक्कल दाखवली. पंधरा दिवसांत अकरा लाख लोकांनी तो पाहिला. पेण, रोहा, माणगाव, मुंबईतली रायगडची माणसं, सगळीकडे फिरला. आदेशला कंपनीच्या कँटीनमध्ये कुणी दाखवला. तो घरी येऊन म्हणाला, "तुझा भाऊ भारी करतो गं. आपल्या आईसारखंच बोलतो वाटतं कधीकधी." निशिगंधा कणीक मळत होती, ती मळतच राहिली.

इथवर तरी ती स्वतःला सांगू शकली असती की गमतीत बोलून गेले, पुढचं त्याने केलं. पण त्यानंतर तिने रितेशला तीन व्हॉइस नोट पाठवल्या होत्या. आपण होऊन. गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची आणि तिथे उभी राहून, सासूचा खालच्या पट्टीतला आवाज काढून बोलायची. पातळ बदलताना सासू टीव्हीवर टॉवेल टाकते, ती पोरगी बघते म्हणून. टीव्ही बंद करताना 'येवा परत' म्हणते. पाऊस जोरात असला की बातम्यांतल्या मुलीला म्हणते, आता कुठं जातेस, ऱ्हा इथंच. बोलून झालं की ती आपलीच नोट पुन्हा ऐकायची. आणि व्हिडिओ आला की त्याखालच्या हजारो लोकांच्या ओळी वाचत बसायची. 'काय निरीक्षण आहे.' 'हा पोरगा पुढे जाणार.' वाचताना तिला कान गरम झालेले जाणवायचे, आणि तरी ती खाली खाली वाचत जायची.

मार्गशीर्षात रितेश स्वतः पेणला आला. बायजाबाई नुकत्याच जेवून बसल्या होत्या, टीव्ही बंद होता.

"मावशी, एका नाटकात बाईचं काम करतोय. तुमचं एखादं जुनं पातळ असलं तर..."

"जुनं कशाला?" बायजाबाई म्हणाल्या. "चारचौघांत उभं ऱ्हायचं तर बरं नको?" त्यांनी ट्रंक उघडली आणि तळातून अबोली रंगाचं, हिरव्या काठाचं पातळ काढलं. आदेशच्या लग्नात हैबतरावांनी घेतलेलं. रितेशला भिंतीपाशी उभं करून त्यांनी स्वतः त्याच्या कमरेला निऱ्या घातल्या. "सरळ उभा ऱ्हा. बाईमानूस असा फाकून उभा ऱ्हातो व्हय? पाय जुळव."

निशिगंधा स्वयंपाकघराच्या दारात होती. त्या वेळी बोलता आलं असतं. रितेशने तिच्याकडे पाहून डोळा मिचकावला. ती आत गेली आणि चहा ठेवला.

शाळेच्या गेटावर ती हाक सुरू झाली तेव्हा मात्र तिने रितेशला फोन केला. "तो पहिला काढून टाक."

"ताई, काढून काय होणार आता? शंभर जणांनी उचललाय तो. आणि कोणी काय वाईट बोलतंय का? लोक प्रेम करतात गं आक्कावर." मग जरा थांबून, "तूच तर दिलास मला."

तिने फोन ठेवून दिला.

जानेवारीत रोह्यातल्या एका मंडळाने बालमेळावा ठेवला. रितेशचा सत्कार होता. पत्रिकेवर त्याचा पातळ नेसलेला फोटो नव्हता एवढं नशीब. त्याने आदेशच्या फोनवर थेट बायजाबाईंनाच आमंत्रण दिलं. "मावशी, तुमचं पातळ नेसून काम करणार आहे. तुम्ही यायलाच हवं."

निशिगंधाने हरतऱ्हेने टाळायचा प्रयत्न केला. ऋतुजाला खोकला आहे म्हणाली. रविवारी गाडीला उभं राहावं लागतं म्हणाली. बायजाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग तू ऱ्हा घरी. मी आन ऋतुजा जातो. पोरगा एवढा बोलावतो, आन नाय कसं जायचं?"

ती गेली. जाणं भागच होतं.

हॉल पोरांनी गच्च भरला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या म्हणून पुढे सतरंज्या टाकल्या होत्या. अध्यक्षांनी भाषणात कबुलीच दिली: "आम्ही दर वर्षी टीव्हीवरचे कलाकार आणायचो. यंदा मुलांनाच विचारलं, कोण हवं? चार मालिकांची नावं घेतली, तर एकालाही माहीत नाही. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं." पोरांनी शिट्ट्या मारल्या. बायजाबाई दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, हातात पिशवी घेऊन ताठ बसल्या होत्या. मध्ये ऋतुजा, पलीकडे निशिगंधा.

स्टेजवर पुठ्ठ्याचा मोठा टीव्ही ठेवला होता. त्यात मंडळातली एक मुलगी केस बांधून बसली होती. बाजूने रितेश आला, अबोली पातळात, कमरेत वाकून.

"माजंच पातळ," बायजाबाई शेजारच्या बाईला म्हणाल्या. "सुनेचा भाऊ हाय. निऱ्या मी शिकवल्या त्याला."

रितेशने पुठ्ठ्याच्या टीव्हीवर टॉवेल टाकला. पोरं हसली. बायजाबाईही हसल्या, मनापासून. "आगं बाय, मी पन तसंच करते," त्या ऋतुजाच्या कानाशी वाकून म्हणाल्या. टॉवेल निघाला. पुठ्ठ्यातल्या मुलीने हात जोडले. "नमस्कार."

रितेश खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसला आणि त्याने डावा हात उचलला.

त्याच्याबरोबर हॉलभर डावे हात वर झाले. सतरंजीवरच्या पोरांचे, खुर्च्यांवरच्या आयांचे, मागे भिंतीला टेकलेल्या मोठ्या पोरांचे. सगळे कोपरात वाकलेले, बोटं अर्धी मिटलेली, सगळे एका लयीत थरथरत होते. आणि मग छप्पर उडेल असा आवाज, "बस गो बाय, चाय ठेवते."

निशिगंधाला स्टेजकडे बघवेना, म्हणून तिने सासूकडे पाहिलं. बायजाबाईंच्या चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच होतं, काढायचं राहून गेल्यासारखं. मांडीवर त्यांचा डावा हात होता. उजव्या हाताने त्यांनी सावकाश त्याचं मनगट धरलं आणि पिशवीखाली दाबून ठेवलं, पायाशी आलेल्या मांजराला हलकेच खाली दाबावं तसं.

ऋतुजा मात्र फुलून आली होती. ती खुर्चीवर गुडघे टेकून मागच्या रांगेकडे वळली. "ही माझी आजी आहे. खरी आक्का हीच. मामाने हिच्यावरूनच केलंय, मला सांगितलंय त्याने." मागची पोरं उठून बघायला लागली. कुणीतरी स्टेजकडे ओरडलं. रितेशने डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून खाली पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्याला यात मानच दिसत होता, दुसरं काही नव्हतं.

"मित्रांनो, आज खरी आक्का आपल्यात आहे. माझ्या ताईच्या सासूबाई. मावशी, या ना वर."

"आई, नको," निशिगंधा म्हणाली. पण तिचा आवाज त्या टाळ्यांत तिच्या स्वतःच्याही कानांपर्यंत आला नाही.

बायजाबाईंनी पिशवी नातीच्या मांडीवर ठेवली आणि उठल्या. पायऱ्या चढताना कुणाचा हात धरला नाही. अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला. पोरांनी मोबाईल वर केले. रितेशने माइक त्यांच्या तोंडापाशी धरला.

"आजी, डायलॉग," खालून पोरं ओरडली.

"डावा हात, आजी, डावा हात."

बायजाबाईंनी समोर पाहिलं. मग हातातला नारळ रितेशकडे दिला. "धर जरा." दोन्ही हात मोकळे झाले तसे त्यांनी ते छातीपाशी नीट जोडले, बोटाला बोट लावून, आणि मान लववली.

"नमस्कार," त्या म्हणाल्या.

पोरं पुढच्या शब्दांची वाट बघत राहिली. ते आले नाहीत. मागे दोन-चार टाळ्या वाजल्या आणि विरल्या. त्यांनी नारळ परत घेतला. रितेश पाया पडायला वाकला, तेव्हा त्याच्या डोक्यावर उजवा हात ठेवून म्हणाल्या, "काम बरं केलंस. निऱ्या तेवढ्या सुटल्यात. नीट खोच."

परतीच्या एस.टी.त जागा मिळाली. ऋतुजा शाल पांघरून आजीच्या मांडीवर झोपली. नागोठणं मागे पडलं. ऊन कलंडलं होतं. कापणी झालेल्या शेतांत वालाची हिरवळ दिसत होती. निशिगंधा मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. आई, माझ्याकडून चूक झाली. हे फार लहान वाटत होतं. आई, मीच. एवढंच पुरे होतं.

"हात," बायजाबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या. "ह्यांचा हात त्यानं कुठं बगितला?"

आजारपणात रितेश कधी त्यांच्याकडे आलाच नव्हता.

उत्तर यायच्या आतच बायजाबाई पुढे म्हणाल्या, "मीच केला असंल कवातरी त्याच्यापुढं. पातळ नेसवलं त्या दिवशी. म्हातारपनात कुठं ध्यान ऱ्हातं."

पातळ नेसवलं त्या दुपारी टीव्ही बंद होता; हात उचलायला कारणच नव्हतं. दोघींनाही ते ठाऊक होतं. सासूने दार किलकिलं करून ठेवलं होतं, निशिगंधाने आत यावं किंवा तिथूनच निघून जावं, जे तिला झेपेल ते.

"व्हय आई," निशिगंधा म्हणाली. "तवाच असंल."

शब्द तोंडून गेल्यावर तिला ते ऐकू आले. नऊ वर्षांत ती सासूशी 'हो' म्हणत आली होती, 'तेव्हा' म्हणत आली होती. हे 'व्हय' तिचं नव्हतं. खालच्या पट्टीतलं, शेवटी किंचित खरखरणारं, गच्चीवर उभं राहून तीनदा पाठवलेलं. अगदी हुबेहूब उतरलं होतं.

बायजाबाईंनी मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. एखाद्या ओळखीच्या माणसाने मागून हाक मारल्यावर, कोण ते बघायला वळावं, तेवढंच. मग त्यांनी ऋतुजाच्या खांद्यावरून घसरलेली शाल वर ओढली.

"गडब आला," त्या म्हणाल्या.

गावाकडे जाणारा फाटा खिडकीतून मागे गेला.

दुसऱ्या दिवशी रितेशचा फोन आला. "ताई, मावशींनी डायलॉगच नाही मारला ना. क्लिप वाया गेली." मग लगेच म्हणाला, "पातळ धुऊन पाठवतो. पदराला थोडी लिपस्टिक लागलीय, निघते का बघतो." दुपारी तिने रकान्यांची वही काढली, 'रितेशमामा, घरचं' या ओळीवर पेन टेकवलं, आणि कोणत्या रकान्यात न्यायचं ते न सुचून वही तशीच मिटली.

संध्याकाळी ती टीव्हीसमोर भाजी निवडत बसली होती. शेजारी बायजाबाई. जाहिराती चालू होत्या. आज मी बोलेन, तिने ठरवलं होतं. बातम्या लागायच्या आधी, नाहीतर लागल्या लागल्या. सातला दोन मिनिटं उरली तेव्हा बायजाबाई गुडघ्यांवर हात देऊन उठल्या.

"काय हवंय आई? मी आणते."

"काय नको. बस तू. चाय ठेवते."

त्या आत गेल्या. निशिगंधा निवडलेली मेथी हातात धरून बसून राहिली. आत भांडं ओट्यावर टेकल्याचा आवाज आला, मग लायटरचा एक खटका, मग दुसरा. पडद्यावर निळा प्रकाश फिरला. ती मुलगी आली, नीट बसली, तिने हात जोडले.

"नमस्कार."

खोलीत तिच्यासमोर निशिगंधा एकटी होती. मुलगी क्षणभर थांबली, रोज थांबायची तेवढीच, आणि बातम्या सांगू लागली.